काट्याची चुंबळ

सुवार्ता सात वर्षांची असताना तिला कुणी विचारलं असतं, की येशू काय काम करायचा, तर तिनं बिनधास्त सांगितलं असतं, ऊसतोड. त्यात पोरीची काय चूक? तिच्या आईनं, बायनाबाईनं, गोष्टच तशी सांगितली होती.

आष्टीपासून चार कोसावर त्यांचं गाव. गावात ख्रिस्ती लोकांची तीस-पस्तीस घरं, एक दगडी चर्च, चर्चपुढं कडुलिंब. दिवाळी झाली की निम्मी घरं कुलपं लावून सांगलीकडं उसाला जायची. सुवार्ताचा बाप ती पाळण्यात असतानाच वारला, तवापासून बायनाबाई अन् तिचा भाऊ बंकटमामा मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मामा तोडायचा. बायनाबाई मोळी बांधायची अन् डोक्यावर घेऊन, फळीवर चढून, ट्रकात नेऊन टाकायची. मोळी म्हणजे भरलेल्या गॅसच्या टाकीपेक्षा जड. डोक्याला रुतू नये म्हणून खाली चुंबळ. जुन्या लुगड्याला पीळ द्यायचा, गोल वेटोळं करायचं, टाळूवर ठेवायचं.

उत्तम शुक्रवार, येशूला क्रुसावर दिलं तो दिवस, हमेशा फडातच यायचा. कारखाना बंद व्हायला आठ-पंधरा दिवस राहिलेले, ऊन असं की उसाचं वाळकं पाचट हातात धरलं तरी चटका बसायचा. तिथं चर्च न्हाई, पाळकसाहेब न्हाई, सुट्टी तर न्हाईच न्हाई. मग दुपारच्या भाकरीला बसलं की बायनाबाई गोष्ट सांगायची. बाया गोल करून बसायच्या. ख्रिस्ती त्यात दोघीच, बाकी सगळ्या धारूर-वडवणीकडच्या, घरी खंडोबा पुजणाऱ्या. पण गोष्ट ऐकायला सगळ्या.

"मंग त्या शिपायांनी काय केलं," बायनाबाई चटणीचं बोट चाटून म्हणायची, "बाभळीचा फोक वाकिवला, गोल केला, अन् ती काट्याची चुंबळ त्याच्या डोक्यावर ठिवली."

"आगं बया! काट्याची?"

"काट्याची. अन् वरून लाकडाचं वझं."

"किती किलोचं?"

"त्ये कुनी मोजलं न्हाई. पन लई भारी आसंल. टेकाड चढताना पडला म्हनत्यात."

"मंग परत उचलून कुनी दिलं?"

हा सवाल दरसाल कुणीतरी विचारायचंच. कारण मोळी एकट्याला डोक्यावर घेता येत न्हाई. घेणाऱ्यानं खाली बसायचं, दुसऱ्यानं उचलून द्यायची. हे फडातल्या शेंबड्या पोरालाबी ठाऊक.

"एक पाव्हना व्हता, परगावचा. रानातून येत व्हता बिचारा, तर शिपायांनी धरला अन् लावला कामाला."

"आपल्यावानीच की गं!" म्हणून बाया हसायच्या. हसता हसता एखादी पदरानं डोळे पुसायची. मग मुकादम, गहिनीनाथ, लांबून हाक मारायचा, "ओ बायनाबाई, झालं का तुमचं कीर्तन? ट्रक उभा हाय!" अन् सगळ्या ढुंगणाचं पाचट झटकत उठायच्या.

सुवार्ताला आता सतरावं लागलंय. ती आष्टीत स्वप्नालीताईच्या दुकानात साड्यांना फॉल-पिको करते. शाळा आठवीतच सुटली. सुटली म्हणजे हिनंच सोडली. फडावरून परत आल्यावर मास्तर भर वर्गात म्हणाला, "आल्या का पाहुण्या?" हिनं दप्तर उचललं अन् तशीच घरी आली, परत गेलीच न्हाई. असला राग. पण दुकानासमोरून उसानं भरलेला ट्रॅक्टर गेला की अजून तिचा पाय मशीनवर थांबतो. तो हिरवा, गोडसर वास. कोपीतला, त्या पाचटाच्या खोपटातला धूर, आईच्या लुगड्याला चिकटलेलं पाचट, पाण्याच्या टाकीवरची भांडणं. तवा रडायला यायचं, अन् आता तेच परत हवंसं वाटतं.

"आगं ए, फॉल उलटा लावलास!" स्वप्नालीताई ओरडते. "नाव सुवार्ता अन् तोंड बघावं तर मयताच्या वार्तेसारखं!"

"देतेय उसवून, वरडू नका," ही म्हणते.

हिची अन् चर्चची फारकत झाली त्याला तीन वर्षं झाली. त्या साली कारखाना लवकर बंद पडला, अन् ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी सगळी मंडळी गावातच होती. उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, कुणाला साक्ष द्यायचीय का? बायनाबाई कधी न्हाई ते उठली. हात जोडून फडातल्या शुक्रवारचं सांगायला लागली. "...तवा म्या बायांना सांगितलं, की शिपायांनी त्याच्या डोक्यावर काट्याची चुंबळ ठिवली..."

पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. तिथं उमाबाई बसलत्या, रिटायर झालेल्या मास्तरीणबाई, चर्चच्या सगळ्या कामात पुढं. त्या वळून म्हणाल्या, "मुकुट, बायनाबाई, मुकुट! येशूला काय ऊस वाहायचा होता?"

सगळं चर्च हसलं. बंकटमामाबी हसला. बायनाबाईबी ओशाळून हसली, अन् खाली बसली.

चौदा वर्षांच्या सुवार्ताच्या डोळ्यांपुढं लाल झालं. शुक्रवारसाठी वेदीजवळच्या लाकडी क्रुसाला बाभळीच्या काट्यांचा मुकुट करून अडकवलता. ही उठली, गेली, तो ओढून काढला अन् उमाबाईच्या अंगावर भिरकावला. "घ्या! मुकुट हाय ना? घाला मग तुमीच!"

तो बाईंच्या पायांवर पडला. बाई दचकल्या. सुवार्ता बाहेर पडली, पण दारातून तिनं वळून बघितलंच. तिची आई फरशीवर गुडघे टेकून काटे गोळा करत होती, एक एक करून, उमाबाईच्या पायांपाशी. त्याचा राग तिला हसण्यापेक्षा जास्त आला.

वर आणखी म्हणजे बायनाबाई थोड्याच दिवसांनी रोज सकाळी उमाबाईच्या घरी जायला लागली. "भांडी घासायला चाललीस ना त्या बाईची?" सुवार्ता खवळायची. "लाज न्हाई तुला!" बायनाबाई पदर खोचून निघायची. सहा महिने गेली, मग दिवाळीला परत फड.

फडानं शेवटी मान खाल्ली. यंदा जानेवारीतच बायनाबाईच्या हातांना मुंग्या यायला लागल्या, चहाचा कप धरवेना. नगरच्या डॉक्टरनं फोटो काढला, गळ्याला पट्टा बांधला अन् सांगितलं, ऑपरेशन करावंच लागंल. ईस्टर झाला की सोमवारी. मानेचं काम हाय, गॅरंटी कुणीच देत न्हाई, असंबी सांगितलं.

अन् ईस्टरच्या आदल्या बुधवारी संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. सुवार्ता दारात तांदूळ निवडत बसलती, तिला आतलं सगळं ऐकू येत होतं.

"बायनाबाई, उद्या सहा वाजता प्रभुभोजन आहे, येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस. मानेमुळे येणं होत नसेल तर मी घरी येऊन देतो."

"नगं सायेब. आवंदाबी नगं."

"अहो, ऑपरेशन आहे सोमवारी. तीन वर्षं झाली तुम्ही भाकरीला हात लावला नाही."

सुवार्ताचा हात ताटात थांबला. पाळकसाहेब बाहेर आले तशी तिनं वाट अडवली. "तीन वर्सं? म्हंजी?"

"ते आईला विचार," ते म्हणाले अन् चपला पायात सरकवून निघून गेले.

ती आत गेली. बायनाबाई भिंतीला टेकून बसलती, पट्ट्यामुळं हनुवटी वर, एखाद्या मोठ्या घरच्या बाईसारखी.

"आय, तू भोजन घेत न्हाईस?"

"न्हाई."

"कावून?"

"घरात तंटा हाय. तंटा आसताना त्ये घेऊ नी."

"कुनाचा तंटा?"

"तुजा अन् बाईंचा."

"आगं मंग म्या ऱ्हायीन की उपाशी! तू कावून?"

"तुला कुटं भूक हाय त्याची?" बायनाबाई म्हणाली. "ज्याला भूक आसती त्यालाच उपास करावा लागतो."

"मी त्या बाईच्या पाया पडनार न्हाई, आत्ताच सांगते. ती हसली तुला. सगळं चर्च हसलं. मामासुदीक हसला!"

"आगं मला आलं हसू, मी काय करू?" अंगणातून बंकटमामाचा आवाज आला. "शिंक आल्यागत आलं ते!"

"तुमी गप बसा वो!"

बायनाबाईनं गळ्याचा पट्टा जरा सारखा केला. मग म्हणाली, "मला वाटलं व्हतं तू फडातच शिकलीस. गहिनीनाथच्या वक्ताला."

सुवार्ता तिथंच खाली बसली. तो दिवस ती विसरली नव्हती.

नऊ वर्षांची होती तवा. ट्रकात उसाचे थर चढत चालले होते अन् फळी चढताना छातीशी लागंल अशी उभी. बायनाबाई मोळी घेऊन निम्म्यात आलती अन् तिचा पाय अडखळला. खालून गहिनीनाथनं शिवी हासडली. साधी न्हाई, आईवरची. "ए, चाल की! मेलीस का?" सगळी टोळी बघत होती. सुवार्तानं ढेकूळ उचललं, हात वर केला, अन् आईकडं बघितलं. आईनं मान वळवली न्हाई. डोळासुदीक हलवला न्हाई. एकेक पाऊल टाकत वर गेली, मोळी टाकली, खाली आली, अन् टाकीवर जाऊन पाणी प्याली.

"तू त्याला बोलली कावून न्हाईस?" कोपीत आल्यावर पोर रडायला लागली.

"मोळी डोक्यावर आसताना मान वळवली तर मोळीबी पडती अन् मानूसबी पडतं," आई तिचं नाक पुसत म्हणाली. "खाली येस्तवर राग उतरून जातो. येशूचं तसंच झालं आसंल बग. लोक वाटंनं थुकले, कायबाय बोलले. त्याला काय तोंड नव्हतं? पन वझं घेऊन चाललता तो. त्ये टाकून भांडाया कसा थांबंल?" मग चुलीत पाचट सारत, जरा लाजून म्हणाली, "खरं सांगू का, फळीवर आसले की तो मला लई जवळ वाटतो. म्होरं चालल्यावानी. घरी निवांत बसल्यावर येवढा न्हाई वाटत."

सुवार्तालाबी तसंच वाटायचं त्या दिवसांत. फडात येशू शेजारच्या कोपीत राहिल्यासारखा होता. गावात आलं की तो पुढच्या बाकावर, इस्त्रीच्या कपड्यांच्या लोकांत जाऊन बसायचा.

"सोमवारी डाक्टर मान खोलनार," बायनाबाई म्हणाली. "उटले तर उटले. मला त्या आदी ती भाकर खायची हाय, सुवार्ता. पन चोरून न्हाई खायाची."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुवार्तानं स्वप्नालीताईला फोन केला, आज येत न्हाई. मग केस घट्ट बांधले अन् निघाली. वाटंनं एकच वाक्य पाठ करत होती, शाळेतल्या कवितेसारखं.

उमाबाई ओट्यावर खुर्चीत बसून शेवग्याचा पाला निवडत होत्या.

"कोण? सुवार्ता? ये. चपला खाली काढ."

"बसाया न्हाई आले. आयला भोजन घ्यायचंय, म्हून आपलं मिटवायचंय."

"मिटवायचं म्हणजे काय करायचं?"

"म्या म्हनते चुकलं. तुमी बरं म्हना."

"बरं," उमाबाई म्हणाल्या, अन् पुढची काडी हातात घेतली.

सुवार्ता तशीच उभी. एवढ्यात झालं? ती भांडायच्या तयारीनं आलती, अन् भांडण कुठंच सापडंना. काय बघावं म्हणून तिनं खाली बघितलं. बाईंचा डावा पाय उघडा होता. ती हमेशा बघायची, ही बाई लंगडत चालती, बंद बूट घालून, अन् मनात म्हणायची, नाटकं हायेत. अंगठ्याच्या शेजारचं बोट तिथं नव्हतंच. नुसती जागा, गुळगुळीत.

"ह्ये काय झालं?"

"बोट काढलं. तीन वर्षं होतील आता." बाईंनी तिच्याकडं नीट बघितलं. "तुला खरंच माहीत नाही?"

"न्हाई."

"मला साखर आहे. साखरेच्या पायाला दुखलेलं कळत नाही. मुकुट पडला तेव्हा टोचलं तेवढंच, पण टोक आत मोडून राहिलं होतं. पंधरा दिवसांनी पू झाला, मग काळं पडलं."

"माज्या काट्यानं?"

"काटा चर्चचा. फेकला तू."

"पन आय रोज यायची... भांडी घासाया..."

"भांडी? माझी भांडी मी घासते. ती माझा पाय धुवायला यायची. कोमट पाण्यात मीठ टाकून धुवायची, पुसायची, पट्टी बांधायची. सहा महिने. माझी सून जवळ येत नव्हती, असा वास मारायचा." बाईंचा आवाज मास्तरणीचाच होता, हजेरी घेतल्यासारखा. "मी म्हटलं, पोरीला सांगा काय झालंय ते. तर मला शपथ घातली. म्हणाली, कळलं तर भिऊन येईल. भिऊन आलेली नको."

"मंग तुमी मला माफ केलं नव्हतं का?"

"मी कधीच केलं. आईलाही सांगितलं, बायनाबाई, माझ्या मनात काही नाही, जा, भोजन घ्या. तर म्हणते कशी, 'तुमी केलं वो, पन तिनं कुटं केलंय तुमाला?'"

ओट्यावर ऊन आलतं. सुवार्ताला वाटलं, काहीतरी उचलावं अन् फेकावं, पण आता कुणावर फेकायचं? तीन वर्षं ती समजत होती, की आई तिला वाकायला सांगणार, या बाईपुढं. आई तर भलतीच वाट बघत होती.

"तुमी हसलात कावून?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच बारका वाटला.

"हसू आलं म्हणून. तीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या, सवय लागते. शब्द मुकुटच आहे, हे मी आजही सांगेन. पण हसायला नको होतं." पाल्याची काडी त्यांच्या हातात तशीच राहिली. "ती पाय धुवायला खाली बसायची, तेव्हा मला तिचं डोकं वरून दिसायचं. मधोमध टाळूवर एवढी जागा आहे, रुपयापेक्षा मोठी. तिथं केसच नाहीत. रोज बघायची मी ते."

त्यांनी ती काडी बाजूला ठेवली.

सुवार्ता लहानपणापासून आईची वेणी घालत आलती. ती जागा तिच्या बोटांना पाठ होती, तिथं तेल जास्त लावायचं, वरून केस ओढून घ्यायचे. तिला वाटायचं, आया अशाच असतात. या बाईनं मात्र ती बघितली, सहा महिने, अन् तिला ती काय हाय ते कळलं.

तिनं चपला काढल्या. वर आली अन् खुर्चीजवळ खाली बसली, अन् काही सुचंना म्हणून शेवग्याची एक फांदी ओढून पाला काढायला लागली.

"सोडलं म्या," ती पाल्याकडं बघत म्हणाली.

"काय सोडलंस?"

"तुमचं हसनं."

उमाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "काड्या टाकू नकोस त्यात," त्या म्हणाल्या. "चहा घेशील?"

"बिनसाखरेचा आसंल."

"तुझ्यात घालते की दोन चमचे. राग जाईल."

सहाला चर्चची घंटा झाली तवा कडुलिंबाखाली बंकटमामा धुतलेला शर्ट घालून उभा होता. बायनाबाई आली, एका बाजूनं सुवार्तानं धरलेली. लोकांनी बघितलं. सुवार्तानंबी बघितलं, कोण काय बोलतंय, कोण कोणाला कोपर मारतंय; डोळे तिचे कुठं गप्प बसतात! पण ती चालत राहिली. मागच्या बाकापाशी बायनाबाई सवयीनं थांबली, तर पुढून उमाबाईंनी हात केला, इकडं या.

भोजनाच्या वेळी लोक वेदीपुढं गुडघे टेकायला लागले. बायनाबाईला टेकवेना. सुवार्ता आधी खाली बसली, आईनं तिच्या खांद्यावर भार दिला, अन् मग ती हळूहळू गुडघ्यांवर आली. शेजारी उमाबाईंना पायामुळं टेकता येत न्हाई, म्हणून त्या उभ्याच, कठड्याला धरून.

पाळकसाहेब भाकरीचं ताट घेऊन रांगेनं आले. सुवार्ताचं दृढीकरण, म्हणजे मोठेपणी मंडळीत घ्यायचा विधी, झालं नव्हतं, म्हणून तिला तुकडा मिळाला न्हाई. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् पुढं सरकले. बायनाबाईचे हात थरथरत होते, तवा त्यांनी तुकडा तिच्या तळव्यावर ठेवून तिची बोटं मिटली. मग द्राक्षाच्या रसाचा इवलासा पेला. पट्ट्यामुळं मान मागं जाईना. सुवार्तानं पेला आईच्या ओठाला लावून थोडा थोडा वाकवला, जसं आजारी लेकराला पाजतात. दोन थेंब पट्ट्यावर सांडले.

तुकडा तो केवढा, नखाएवढा. पण बायनाबाई डोळे मिटून तो चावत होती, चावत होती. रांगेतली माणसं उठून जागेवर गेली. दुसरी रांग यायला थांबली होती. मागं कुणीतरी खाकरलं.

"आय," सुवार्ता तिच्या कानाशी म्हणाली, "उटायचं का?"

"थांब जरा," बायनाबाई म्हणाली.

सुवार्ता थांबली.